हौसेरावांनी गाडीत रेडिओ बसवला

…नाय नाय, तुम्ही मला आधी हे सांगा, माणसानं स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हौसेनं दोन गाणी ऐकायची म्हटली तर हा काय गुन्हा आहे का? सांगा ना! चोरी केली? दारू प्यायली? दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली? नाय ना? आमच्या हौसेरावांनी मागितलं काय होतं? गाणी! नुसती गाणी! आणि झालं काय… अहो, तुम्हाला सांगतो, त्या रविवारपासून मी कुणाच्याही गाडीत बसायच्या आधी विचारतो, बाबा रे, हिच्यात रेडिओ आहे का? आहे म्हटला की मी सरळ रिक्षा करतो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगाच ओरडतोय. हौसेराव म्हणजे आमचे थोरले साडू. माझ्या बायकोची, शालनची, थोरली बहीण रंगूअक्का, तिचे हे मालक. मूळ सातारकडचे, पण सगळी उमर गेली कळंबोलीच्या लोखंड बाजारात. मुकादम माणूस! ट्रकवर सळ्या चढवून घ्यायच्या, उतरवून घ्यायच्या, आणि आवाज असा की हे इकडनं ‘ए ऽऽऽ मागं घे!’ म्हणाले की ज्याचा काही संबंध नाय तो ट्रकवाला पण घाबरून मागे जायचा. आता रिटायर झाले. घरात माणसं दोन, आणि खाली पार्किंगमध्ये तिसरं. तिसरं म्हणजे गाडी. पांढरी… म्हणजे घेतली तेव्हा पांढरी होती, आता रंगाचं विचारू नका. पण जीव केवढा! दसऱ्याला तिला हातभर झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. रंगूअक्का म्हणायची, “चाळीस वर्सांत मला कदी गजरा आनला न्हाई ह्यांनी, पर गाडीला हार बगा!” आणि त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू देतील? नाव नको! सख्ख्या जावयानं किल्ली मागितली तर म्हणाले, “जावईबापू, मुलगी दिली तेवढं पुरे की!” मी तर काय, साडू. मला दार जोरात लावायची पण परवानगी नाय. मी उतरलो की आतूनच ओरडायचे, “हळू! हळू लावा! ट्रकचा फाळका हाय का त्यो?”

तर ह्या गाडीवर आलं संकट. झालं असं, गेल्या वर्षी हौसेराव आणि रंगूअक्का दोघंच उरणकडे कुणाच्या तरी बारशाला निघाले, आणि जासईच्या पुढे, ते कंटेनर लाईन लावून उभे असतात बघा, तिथं भर उन्हात गाडी बंद पडली. इंजिन गरम झालं, उभी राहिली रस्त्याच्या कडेला, बारसं राहिलं, पाळण्यातल्या पोराचं नाव काय ठेवलं ते ह्यांना अजून माहीत नाय. असं आम्हाला सांगण्यात आलं. खुद्द हौसेरावांनी सांगितलं. रंगूअक्का शेजारी उभी होती, ती काहीच बोलली नाय, आता गाडीतलं तिला काय कळणार, म्हणून आम्ही पण काही विचारलं नाय.

झालं! त्यांची मुलगी प्रियदर्शिनी, बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे, आणि सरकारी माणूस एकदा बोलला की तो नुसता बोलत नाय, आदेश काढतो. वर्षभर कटकट करून शेवटी म्हणाली, “पप्पा, बस झालं. रस्त्यात बंद पडणारी गाडी मला नको. उद्या हायवेला, मागून कंटेनर येतोय आणि तुम्ही दोघं आत… नाही. मी माणूस बघितलाय. येत्या रविवारी दुपारी येईल, गाडी घेऊन जाईल. भंगारात.”

भंगारात! अहो, हा शब्द कुणाला बोलताय? ज्या माणसानं जन्मभर लोखंड बाजारात काढलं त्याला? भंगारात गाडी जाते म्हणजे काय होतं हे तुम्हाआम्हाला ऐकून माहीत, त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं! चेपून चेपून अशी पेटी होते बिस्किटाच्या डब्याएवढी! हौसेरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मी समोर बसलेलो. माणूस असा पांढरा पडला, गाडी नवीन असताना होती ना, तसा. रात्री मला फोन, “साडू, माझ्या डोळ्यादेखत नेणार हो तिला. काहीतरी सुचवा.”

आणि सुचवलं कुणी? मी! माझ्या जिभेला काय झालं होतं! मी म्हटलं, हौसेराव, गाडी म्हातारी नाय, गाडी म्हातारी वाटते. आत बसलं की समोर काय दिसतं? कॅसेट! आता कॅसेटचा जमाना आहे का? आणि ती पण अशी, की त्या टेपनं शेवटची कॅसेट गिळली त्याला किती वर्षं झाली, अजून बाहेर काढलेली नाय. नव्या गाडीत बघा, पडदा असतो. नेटवरचा रेडिओ लागतो. तो एक आहे बघा मोबाईलवर, दिवसभर आपल्याकडची जुनी गाणी, शाहिरी, लावणी, भारूड, मध्ये एक अक्षर बडबड नाय. तो बसवा गाडीत! रविवारी त्या माणसाच्या आधी सगळ्यांना बसवा, एक चक्कर मारा, गाणी लावा, पोरगी म्हणेल, अरे वा पप्पा, ही तर नवीच झाली!

मागितलं काय होतं? गाणी! गाडी वाचवायला गाणी! ह्यात तुम्हाला काही पाप दिसतं का?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गाडी सजवायच्या दुकानात. दुकानदाराचे कान टोचलेले, केसांचा तुरा, आणि प्रत्येक वाक्यात दोनदा अंकल. “अंकल, कॅसेट? अंकल, इसको तो हार चढाओ!” हौसेराव म्हणाले, “दसऱ्याला चढवतोच. तू रेडिओचं बोल.” तो म्हणाला, “टेन्शन नको अंकल. हे छोटं घ्या. लायटरच्या भोकात घुसवा, मोबाईल जोडा, तुमच्या टेपच्या रेडिओवर नंबर लावा, मोबाईलमधलं गाणं टेपमध्ये. विषय संपला.”

विषय संपला म्हणे! तुम्हाला सांगतो, विषय तिथं चालू झाला. दुकानापासून सर्कलपर्यंत लावणी अशी झकास वाजली, हौसेराव स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरतायत, आतली बाई आळवतेय, ‘राया, वाट बघून डोळं दमलं, तुमी येणार तरी कवा…’ आणि एकदम खर्रर्र, आणि एक बाप्या ओरडतो, ‘स्टेशनपासून फक्त दहा मिनिटांत! टू बीएचके!’ हौसेराव दचकले, गाडी दचकली, मागचा टँकरवाला काय बोलला ते मी इथं सांगत नाय. परत लावणी. ‘राया, माडीवर या की…’ खर्रर्र! ‘मॉड्युलर किचनसह!’ अहो, खऱ्या रेडिओच्या स्टेशनांची एवढी गर्दी, की आमचं गाणं बिचारं प्रत्येक चौकात चेंगरायचं. हौसेरावांनी ते यंत्र उपटलं आणि परत दुकानात.

“अंकल, मग स्क्रीनच टाका. मोठा. पण अंकल…” अंकल काय? “डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल.”

कापावा! हौसेराव मटकन खाली बसले. ज्यांनी गाडीवर ओरखडा पडला तर सोसायटीच्या वॉचमनचा आठवडाभर तपास केला, त्यांची गाडी कापणार! पण करतात काय? एकीकडे कापणं, दुसरीकडे भंगार. म्हणाले, “काप. पण मला दाखवू नको.” आणि दुकानाबाहेर बाकड्यावर बसले, ऑपरेशनला माणूस आत नेल्यावर नातेवाईक बसतात ना, तसे. आतून करवतीचा आवाज आला की माझा हात दाबायचे. ती जुनी टेप निघाली, आणि तिच्या मागच्या पोकळीतून काय निघालं असेल? अर्धा कंगवा, टोलच्या पावत्या, आणि एक लाल टिकलीची केसांची क्लिप. प्रियदर्शिनी शाळेत होती तेव्हाची. हौसेरावांनी ती क्लिप पुसली आणि खिशात घातली. मग पडदा बसला, चालू केला, आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, ‘वेलकम.’ आणि हौसेरावांनी तिला हात जोडून नमस्कार केला. मी बघितलं!

आता खरी गंमत ऐका, कारण इथं माशी शिंकली. रेडिओ लावायला खातं लागतं. खातं रंगूअक्काच्या मोबाईलवर आधीपासून होतं, कुणा मैत्रिणीनं काढून दिलेलं. प्रियदर्शिनी आली, म्हणाली, “पप्पा, रेडिओ बसवा नाहीतर थेटर बसवा, रविवारी माणूस येणार म्हणजे येणार. पण बसवलाच आहे तर नीट करून देते. आईच्या खात्यात तुमचं प्रोफाइल वेगळं करते. तुमचं तुमचं, तिचं तिचं.”

वेगळं! हौसेराव असे उसळले! “वेगळं? कुणाचं वेगळं? गावाकडं आमी चार भाऊ, अजून चूल एक हाय! बापाच्या माघारी वाटणी झाली न्हाई, आन तू माझ्या जित्तेपणी माझ्या घरात वाटणी घालतीस? माझं येक आन तुझ्या आईचं येक? लोक काय म्हनतील?”

“अहो पप्पा, लोकांना कसं दिसणार? प्रोफाइल आहे ते!”

“काय बी असंल! ह्या घरात जे हाय ते समद्यांचं हाय!”

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून पळी पडल्याचा आवाज आला. रंगूअक्का बाहेर आली, हात पिठाचे, म्हणाली, “आवं… करू द्या की वेगळं. काय बिगडतंय?”

हौसेरावांना जो धक्का बसला! जिच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला ती बाई म्हणते वेगळं करा! “रंगू? तू? तू म्हनतीस वेगळं व्हायचं?” रंगूअक्कानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्या बायकोकडे बघितलं, आणि परत आत गेली. माझी बायको छताकडे बघायला लागली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, बाई छताकडे बघते म्हणजे काहीतरी शिजतंय. पण आपण पुरुष माणसं, आपल्याला शिजलेलं ताटात आल्याशिवाय कळतं का?

झालं, एक खातं, एक घर. आणि त्रास काय सुरू झाला? हौसेराव गाडीत बसून लावणी ऐकतायत, ऐन रंगात आली की फट्! बंद. पडद्यावर पाटी: हे खातं दुसऱ्या मोबाईलवर चालू आहे. की ह्यांनी घरी फोन लावायचा. “रंगू, काय ऐकतीस?” “भजन.” आता भजन म्हटल्यावर माणूस काय बोलणार? लावणीसाठी भजन बंद कर म्हणणार? मुकाट बसायचे पार्किंगमध्ये, भजन संपेपर्यंत. आणि मला कौतुकानं सांगायचे, “साडू, रंगूची भक्ती लई वाढलीया. दर गुरुवारी भजनी मंडळात जाती, घरी आली की पुन्हा भजन.” मी म्हटलं, आमची शालन पण जाते, टाळ वाजवते म्हणे.

टाळ! अहो, टाळ विकत आणले होते आमच्या घरी!

आला रविवार. माणूस दुपारी येणार, म्हणून सकाळीच हौसेरावांनी गाडी धुतली, टायरला पॉलिश, आरशाला अत्तराची बाटली, स्वतः इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुढे शेजारी प्रियदर्शिनी, मागे रंगूअक्का, शालन आणि मी, गुडघे हनुवटीला लावून. रेडिओ लागला. आणि तुम्हाला सांगतो, काय वाजला हो! ढोलकी अशी कडाडली की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली. प्रियदर्शिनी कडक चेहरा करून बसलेली, पण खारघर येईपर्यंत तिचा पाय हलायला लागला! म्हणाली, “पप्पा, आवाज मस्त आहे हां.” हौसेरावांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं सांगू? जिंकलेल्या बैलगाडीच्या मालकाची नजर. पोरगी अजून बोलली, “गाडी पण बरी पळतेय की.” मी म्हटलं, वाचली! गाडी वाचली! अजून पाच मिनिटं लावणी वाजू दे देवा, ही स्वतः त्या माणसाला फोन करून नको म्हणते की नाय बघा.

आणि डोंगराच्या कडेला नेटवर्क गेलं.

गाणं थांबलं. पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं. हौसेराव म्हणाले, “येईल, येईल.” आलं. नेटवर्क आलं, पण ती पाटी काय आली? मागे राहिलेलं पुढे चालू करत आहे. आणि गाडीतून, मोठ्या आवाजात, चारी स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली:

‘तर मैत्रिणींनो, नमस्कार! मी तुमची वैदेहीताई. चला, गाडी शिकू या! मागच्या वेळी आपण रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची तुळशीची कुंडी कशी वाचवायची ते बघितलं. आज आपण चढावर गाडी थांबली तर काय करायचं ते बघू. घाबरायचं नाही! आणि पहिली गोष्ट, शेजारी नवरा बसला असेल, तर त्याला आधी खाली उतरवा.’

हौसेराव म्हणाले, “जाहिरात असंल.” पडद्यावर बोट दाबलं, आवाज अजून वाढला. ‘डावा पाय क्लचवर, मैत्रिणींनो! उजवा पाय ब्रेकवर! आणि श्वास घ्यायला विसरू नका!’ प्रियदर्शिनी पडद्यावर वाकली. “पप्पा, जाहिरात नाहीये ही, ॲपवरचा शिकवणीचा कार्यक्रम आहे. आपल्याच खात्यावर अर्धं ऐकून ठेवलंय कुणीतरी. याच्या आधीचे सगळे भाग पण ऐकलेत!”

हौसेरावांनी गाडी कडेला घेतली. सावकाश मागे वळले. आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे!

“साडू! तुमी? माझ्या गाडीवर डोळा ठेवून होता तुमी?”

मी? अहो, मी? मला सायकल चालवताना शिंक आली तर मी उतरतो! मी म्हटलं, हौसेराव, शपथ! मग त्यांनी पोरीकडे बघितलं. ती म्हणाली, “पप्पा, मला गाडी येते, मला कशाला लागतंय हे?” मग राहिलं कोण? शालन. शालन परत छताकडे बघत होती, आणि आता गाडीचं छत असं डोक्याला लागलेलं, तरी बघत होती!

आणि रंगूअक्का म्हणाली, “म्या.”

एकच शब्द. तुम्हाला सांगतो, कळंबोलीच्या बाजारात क्रेनवरून सळ्यांचा भारा निसटला होता एकदा, तेव्हा पण हौसेराव असे झाले नव्हते. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि आवाज? तो आवाज, ज्यानं ट्रक मागे जायचे, तो गेला कुठं? शेवटी कसाबसा निघाला, “आन… भजन?”

“ह्येच भजन,” रंगूअक्का म्हणाली. “गुरवारचं मंडळ बी ह्येच. गाडीचा क्लास हाय सेक्टरात, बाया शिकवत्यात. ही शालन सोबत यायची.”

मी बायकोकडे वळलो. टाळ? “ते दाखवायला आणले होते,” ती म्हणाली. अहो, माझ्या घरात! मला ती दर गुरुवारी टाळ दाखवून जात होती आणि मी हात जोडत होतो!

आणि रंगूअक्कानं कमरेची चंची काढली, तिच्यातून सुपारी बाजूला सारली, कात बाजूला सारला, आणि काढलं लायसन. पक्कं! फोटोसकट! हौसेरावांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि बारीक आवाजात म्हणाले, “आपल्या लग्नाच्या फोटुत बी इतकी हसली न्हवतीस.”

‘छान! जमतंय तुम्हाला, मैत्रिणींनो!’ आतून वैदेहीताई.

“आई!” प्रियदर्शिनी म्हणाली, “अगं पण ह्या वयात? आणि चोरून? का?”

आता इथून पुढे मला हसून सांगता येत नाय. रंगूअक्का आधी पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “त्या दिशी जासईला गाडी न्हवती बंद पडली, पोरी. ह्ये बंद पडलेलं.”

कोण? “तुजं पप्पा! आन कोण? गाडी चांगली चालू हुती, भुरूभुरू करत. ह्यांनी कशीबशी कडंला घेतली आन मान टाकली ष्टेरिंगवर. घाम असा, जणू नळ सोडलाय. डोळं फिरल्यालं. आन म्या शेजारी बसल्याली, मातीच्या गौरीगत. गाडी चालू हाय, रस्ता म्होरं हाय, म्होरं दवाखाना बी हाय, आन मला कुटं काय दाबायचं म्हाईत न्हाई. खाली उतरून पदर हालवून हालवून कंटेनरवाल्यांना हात केला. येक थांबंना. लई वेळानं ह्ये आपसूक सावध झालं, पानी प्यालं, आन पैलं काय बोललं म्हाईत हाय? ‘पोरीला सांगू नको. गाडी गरम झाली म्हन.’ मी गप बसले. पर तवाच म्या ठरवलं. मी पुन्यांदा तशी बसायची न्हाई.”

बघा आता. गाडीवर आळ! मुक्या गाडीवर! चक्कर आली माणसाला, आणि भंगारात चालली होती ती! आणि बिचारी बोलणार कशी? बोलली शेवटी, पण कुणाच्या तोंडून, वैदेहीताईच्या!

प्रियदर्शिनी आधी रडली, मग ओरडली, मग रडता रडता ओरडली. “पप्पा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? आणि तुम्ही मला सांगितलं नाही?” हौसेराव खाली मान घालून म्हणाले, “सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस.” आणि खरंच सांगतो, मला त्या माणसाची दया आली. बाजार सुटला, आवाज ऐकणारं कोणी राहिलं नाय, एक स्टिअरिंग तेवढं हातात उरलं होतं. ते सोडायचं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक.

पोरीनं डोळे पुसले, मोबाईल काढला. “हां, नमस्कार. दुपारी येऊ नका. नाही नाही, भावाचं काही नाही. गाडी चांगली आहे. गाडीत काहीच बिघाड नाही.”

अहो, हौसेरावांचा चेहरा असा उजळला! वाचली! माझ्याकडे वळून हसले पण! अर्धंच हसू झालं होतं, तेवढ्यात समोर पोरीचा हात आला. पसरलेला.

“किल्ली.”

“अगं पण…”

“डॉक्टर लेखी देईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मामला खतम. आई, पुढे ये.”

मागितलं काय होतं माणसानं? गाणी! आणि गेलं काय? उजवी सीट!

मग काय सांगू तुम्हाला. रंगूअक्का उतरली, पदर खोचला, स्टिअरिंगला नमस्कार केला, सीट पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, आरसा फिरवला. हौसेराव डावीकडून जाऊन बसले. त्या गाडीत, एवढ्या वर्षांत, पहिल्यांदा डावीकडून! पट्टा कुठं असतो हे त्यांना माहीत नव्हतं, पोरीनं मागून लावून दिला. हौसेरावांनी तोंड उघडलं, “रंगू, आधी न्यूट्रल…” रंगूअक्का म्हणाली, “आवं, तुमी गप बसा, न्हाईतर वैदेहीताई काय म्हनली ते आयकलंय न्हवं? उतरवीन. गाणी आयका.” आणि स्वतःच्या हातानं पडदा दाबून त्यांची लावणी लावली, एका बोटात! त्यांना आठवडाभर दहा ठिकाणी दाबल्याशिवाय जमत नव्हतं ते!

आणि चालवली हो तिनं! झटका नाय, आचका नाय. यू टर्न घेतला, पुलावर चढली, शेजारून भला मोठा ट्रेलर भोंगा वाजवत गेला तर हिनं उलट भोंगा वाजवला! मागे शालन टाळ्या वाजवतेय, प्रियदर्शिनी व्हिडिओ काढतेय, ढोलकी कडाडतेय, आणि पुढे हौसेराव… दोन्ही पाय ताणून, गाडीत नसलेला ब्रेक दाबतायत. कळंबोलीपर्यंत तो ब्रेक त्यांनी इतका दाबला की उतरल्यावर पोटऱ्यांत गोळे, चालता येईना. रंगूअक्कानं सोसायटीच्या दोन खांबांच्या मधी गाडी अशी अलगद लावली, मी उतरलो, आणि दार हळूच लावलं. सवयीनं.

पोरगी आणि बायका वर गेल्या. हौसेराव गाडीला टेकून उभे, घाम पुसत. मला वाटलं, माणसाला काहीतरी चांगलं बोलावं. म्हटलं, हौसेराव, जाऊ द्या, गाडी तर वाचली की नाय? आणि काय म्हणा, येताना गाणी काय एकेक लागली होती हो! ती शेवटची लावणी तर… तुम्हाला कुठली आवडली?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “लागली हुती? मला काय ठावं, साडू… मी सगळा रस्ता डोळं मिटून पालीच्या खंडोबाला नवस बोलत हुतो.”